फ्रेम उलगडायची कोणी? लिनक्स, वेबकॅम आणि २००८ची काळी खिडकी

९ ऑक्टोबर २००८ रोजी लिनक्स कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, २.६.२७ ही आवृत्ती आली आणि जीएसपीसीए हा वेबकॅम ड्रायव्हर पहिल्यांदाच मुख्य कर्नलमध्ये दाखल झाला. तोवर मिशेल झार यांचा हा ड्रायव्हर बाहेरून उतरवून, स्वतः कंपाइल करून बसवावा लागे. कर्नल बदलला की पुन्हा तोच खटाटोप. दोनशेच्या वर कॅमेरे त्यावर चालत. असा ड्रायव्हर आयताच मिळणार म्हटल्यावर सगळ्यांनी खूश व्हायला हवं होतं. पण जुन्या ड्रायव्हरवर मुकाट चालणारे कॅमेरे नव्या कर्नलवर अनेकांना काळी खिडकी दाखवू लागले. कॅमेऱ्यावरचा दिवा लागतो, मॉड्यूल (कर्नलमध्ये चढवायचा ड्रायव्हरचा तुकडा) चढतं, लॉगमध्ये एकही तक्रार नाही, आणि व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रॅममध्ये चित्राचा पत्ता नाही.

यात ड्रायव्हर कुठे चुकत नव्हता. व्ही४एल२ म्हणजे व्हिडिओ फॉर लिनक्स या इंटरफेसची, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम यांच्यातल्या बोलण्याच्या रीतीची, दुसरी पिढी. तिच्यासाठी जाँ-फ्रान्स्वा म्वान यांनी जीएसपीसीए नव्याने लिहिला, तेव्हा त्यातलं एक काम मुद्दाम काढून टाकलं: कॅमेऱ्याच्या खास फॉरमॅटमधली फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, उलगडून ती आरजीबी किंवा वाययूव्ही या नेहमीच्या रंगमांडण्यांमध्ये बदलून देणं. हे काम आता कर्नलबाहेर, हान्स डी गुडे यांच्या लिबव्ही४एल या नव्या लायब्ररीकडे गेलं होतं. ज्या प्रोग्रॅमला ही लायब्ररी ठाऊक नव्हती, त्याच्या हाती कॅमेऱ्याचे कच्चे बाइट पडत आणि त्यांचं काय करायचं हे त्याला कळत नसे.

माझ्या मते निर्णय बरोबरच होता. पण नुसत्या बरोबर निर्णयाने कोणाच्या खिडकीत चित्र उमटत नाही. ते कशाने उमटलं, त्यासाठी कुठे तडजोडी झाल्या आणि कर्नल आणि बाहेरचं यांच्यातली रेघ कुठे पुसट राहिली, हे पाहण्यासारखं आहे.

इतके फॉरमॅट आलेच कुठून

सगळं यूएसबीच्या हिशोबातून आलं. जुन्या फुल-स्पीड यूएसबीवर व्हिडिओसाठी राखीव वाहिनीतून दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १,०२३ बाइट येऊ शकतात, म्हणजे सेकंदाला सुमारे १० लाख बाइट. ६४० × ४८० ची एक फ्रेम वाययूवायव्ही या वाययूव्हीच्या मांडणीत, म्हणजे पिक्सेलला दोन बाइट या हिशोबाने, ६,१४,४०० बाइटची. सेकंदाला दोन फ्रेमसुद्धा धड होत नाहीत. सेन्सरवरून येणारा बायर नमुना, म्हणजे दर पिक्सेलला लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग, तसाच पाठवला तर पिक्सेलला एकच बाइट लागतो, तरी तीनाच्या वर गाडी जात नाही. मग प्रत्येक चिप बनवणाऱ्याने स्वतःची दाबण्याची (कॉम्प्रेशनची) युक्ती काढली आणि ती कागदावर कुठे दिली नाही. कर्नलच्या फॉरमॅट-यादीत आजही ही नावं सापडतात: एसपीसीए५०१, ५०५, ५०८, ५६१, एसएन९सी१०एक्स, पीएसी२०७, एमआर९७३१०ए, ओव्ही५११, ओव्ही५१८. यांतल्या बऱ्याच फॉरमॅटची उकल कोणीतरी बाइट न्याहाळत बसून केलेली आहे.

हाय-स्पीड यूएसबी आल्यावर दर १२५ मायक्रोसेकंदाला १,०२४ बाइटची तीन पॅकेट, म्हणजे सेकंदाला २,४५,७६,००० बाइट इतकी वाट मोकळी झाली. ६४० × ४८० वाययूवायव्ही सेकंदाला ३० फ्रेमने १,८४,३२,००० बाइट होतं. ते आरामात बसतं. १२८० × ७२० मात्र ३० फ्रेमने साडेपाच कोटींवर जातं. १० फ्रेमवर आणलं की पुन्हा बरोबर तोच १,८४,३२,००० चा आकडा येतो. म्हणून तर यूएसबी २चा कॅमेरा ७२० ओळींना वाययूवायव्हीमध्ये १० फ्रेम सांगतो आणि ३० हव्या असतील तर एमजेपीईजी (प्रत्येक फ्रेम जेपीईजीने दाबलेली) घ्या म्हणतो. वाट रुंद झाली, तसा चित्राचा आकारही वाढला. फॉरमॅटचा गुंता काही सुटला नाही.

जुन्या ड्रायव्हरने काय पत्करलं होतं

पहिल्या पिढीच्या व्ही४एलमध्ये प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक-दोनच रंगमांडण्या माहीत असत. ड्रायव्हरने त्यांतली एक दिली नाही, तर 'ड्रायव्हर चालत नाही' असाच बोभाटा व्हायचा. त्यामुळे झार यांच्या ड्रायव्हरने कर्नलच्या आतच जेपीईजी उलगडलं, बायरमधून रंग भरले आणि उजेड-अंधार सावरणारी गॅमाची तक्तीही तिथेच ठेवली. मॉड्यूल चढवताना देण्याच्या पर्यायांत 'फोर्स-आरजीबी' नावाचा एक पर्याय होता. चेहरे निळे दिसत असतील तर त्याची किंमत १ करायची, की लाल आणि निळा रंग अदलाबदल होत. रंगांचा क्रम एका प्रोग्रॅमला एक हवा आणि दुसऱ्याला दुसरा, हा प्रोग्रॅमांमधला मतभेद. तो मिटवायचा स्विच कर्नलच्या मॉड्यूलवर, आणि तोही सगळ्या प्रोग्रॅमांना मिळून एकच!

झार यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या वेळी लोकांना कॅमेरा चालू करून देण्याचा दुसरा मार्गच नव्हता.

कर्नलने नाही का म्हटलं

सुरक्षितता हे कारण सगळ्यात आधी सांगितलं जातं आणि ते खरंही आहे. दाबलेली फ्रेम उलगडणं म्हणजे बाहेरच्या उपकरणाने पाठवलेल्या बिटांवर विसंबून तक्त्यांत उड्या मारणं. सैल केबलमुळे चार पॅकेट गळाली, तर पुढचे सगळे बिट अर्थहीन होतात. प्रोग्रॅममध्ये अशी उडी चुकली की प्रोग्रॅम मरतो. कर्नलमध्ये चुकली तर अख्खं मशीन बसतं, किंवा दुसऱ्याच कोणाची मेमरी लिहिली जाते.

दुसरं कारण गणिताचं. वाययूव्हीवरून लाल रंग काढताना १.४०२ ने गुणावं लागतं. कर्नलमध्ये दशांश अपूर्णांकांचं गणित सरळ करता येत नाही, कारण त्यासाठीची प्रोसेसरची रजिस्टरं चालू प्रोग्रॅमच्या मालकीची असतात आणि कर्नल ती दर वेळी जपून ठेवत बसत नाही. मग १,४३६ ने गुणून १,०२४ ने भागायचं, असली पूर्णांकांची कसरत करावी लागते. करता येते, पण प्रोसेसरच्या ज्या वेगवान सूचनांनी हेच काम बाहेर झरझर होतं, त्या इथे हाताशी नसतात.

मला मात्र तिसरं कारण सगळ्यात वजनदार वाटतं, आणि त्याची चर्चा कमी होते. कर्नलने फ्रेम उलगडली की मूळ फ्रेम हरवते. एखाद्या प्रोग्रॅमला कॅमेऱ्याचं एमजेपीईजी जसंच्या तसं डिस्कवर लिहायचं असेल, तर कर्नलने आधी ते उलगडायचं आणि प्रोग्रॅमने पुन्हा दाबायचं, असा द्राविडी प्राणायाम होतो. बायरमधून रंग भरण्याच्या पद्धतीही अनेक आहेत. एक झटपट पण कडांवर रंगीत झालर सोडणारी, दुसरी सुबक पण खर्चीक. कोणती घ्यायची हे व्हिडिओ कॉलला वेगळं आणि दुर्बिणीला कॅमेरा लावून ग्रहांचे फोटो काढणाऱ्याला वेगळं. ड्रायव्हरने ते सगळ्यांसाठी एकदाच का ठरवावं?

या वादाला आधीचाही एक कडवट संदर्भ होता. फिलिप्सच्या चिपवरच्या कॅमेऱ्यांसाठी पीडब्ल्यूसी नावाचा ड्रायव्हर कर्नलमध्ये होता, पण मोठ्या आकाराची फ्रेम उलगडणारा भाग वेगळ्या, सोर्स नसलेल्या मॉड्यूलमध्ये होता. २००४ मध्ये त्या मॉड्यूलला अडकवायची खुंटी कर्नलमधून काढली गेली. ड्रायव्हर सांभाळणारे नेमोसॉफ्ट या नावाने वावरणारे गृहस्थ रागावले आणि त्यांनी आपला ड्रायव्हरच काढून घ्यायला लावला. नंतर ल्युक सायार यांनी उलगडण्याची रीत शोधून तो पुन्हा उभा केला. उलगडणारा कोड मुळातच कर्नलबाहेर असता, तर त्याच्या परवान्यावरून कर्नलमध्ये एवढं रामायण घडायचं कारण नव्हतं.

एका फ्रेमचा प्रवास

नवी वाटणी प्रत्यक्षात कशी चालते ते पीएसी२०७ चिपच्या कॅमेऱ्यावर छान दिसतं. हा जुना, स्वस्तातला, फुल-स्पीड कॅमेरा. त्याचा आकार ३५२ × २८८.

ड्रायव्हर यूएसबीची पॅकेट घेतो आणि त्यांत पाच बाइटांची एक ठरावीक खूण शोधतो. ती खूण म्हणजे नव्या फ्रेमची सुरुवात. खूण दोन पॅकेटांच्या मध्ये तुटलेलीही असू शकते, म्हणून किती बाइट जुळले हे त्याला पुढच्या पॅकेटपर्यंत लक्षात ठेवावं लागतं. दोन खुणांमधले बाइट म्हणजे एक फ्रेम. ड्रायव्हर ती 'पीएसी२०७' असं नाव लावून पुढे सरकवतो आणि आत काय आहे त्यात डोकावत नाही.

आत काय आहे ते लायब्ररी पाहते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन बाइटांची खूण असते. एक सांगते की ओळ दाबलेली नाही, तशीच उचला. दुसरी सांगते की दाबलेली आहे. दाबलेल्या ओळीत पहिले दोन पिक्सेल पूर्ण दिलेले असतात आणि पुढे फक्त फरक, तोही शेजारच्या पिक्सेलशी नाही तर दोन घरं मागच्या पिक्सेलशी. बायर नमुन्यात शेजारी दुसऱ्याच रंगाचा असतो. त्याच रंगाचा भाऊ दोन घरं मागे बसलेला असतो. आणखी जोरात दाबलेल्या ओळीसाठी तिसरी खूणही आहे. सुरुवातीला ती लायब्ररी उलगडत नसे, आणि कोडमधल्या टिपणीत कारण दिलं होतं: कर्नलचा ड्रायव्हर कॅमेरा असा लावतो की अशा ओळी येऊच नयेत. दोन्ही बाजूंचा करार असा एका टिपणीत मावलेला क्वचितच दिसतो.

ओळी उलगडल्या की बायर मिळतो, त्यात रंग भरले की वाययूव्ही. एवढ्याने भागत नाही. व्हिडिओ कॉलच्या प्रोग्रॅमला ३२० × २४० हवं असतं आणि कॅमेरा ३५२ × २८८ देतो. लायब्ररी कडा कापून तेही जुळवते.

आता पुसट रेघेबद्दल. पीएसी२०७च्या फ्रेमच्या माथ्यावर चित्राच्या सरासरी उजेडाचा आकडा असतो. तो ड्रायव्हर वाचतो आणि त्यावरून एक्स्पोजर कमी-जास्त करणाऱ्या आज्ञा कॅमेऱ्याला पाठवतो, म्हणजे कर्नलच्या आतच. शुद्ध तत्त्वाने बघितलं तर हाही 'निर्णय' आहे आणि बाहेर जायला हवा. पण आकडा आयता मिळतो, आज्ञा यूएसबीवरच जायची आहे, पिक्सेलला हात लावावा लागत नाही. मला यात काही वावगं वाटत नाही. ज्या कॅमेऱ्यांत असा आकडा नाही, तिथे लायब्ररीने पिक्सेल मोजून व्हाइट बॅलन्स आणि गेन स्वतः सांभाळले.

जुन्या प्रोग्रॅमांची समजूत

व्ही४एल२मध्ये फॉरमॅट मागण्याची रीत सभ्य आहे. प्रोग्रॅम मागतो, ड्रायव्हर जमेल ते देतो आणि काय दिलं ते त्याच रचनेत लिहून परत करतो. 'मागितलंस ते नाही' म्हणून चूक कळवेलच असं नाही, म्हणून परत आलेलं वाचणं ही प्रोग्रॅमची जबाबदारी. न वाचणारे प्रोग्रॅम पुष्कळ होते. असा प्रोग्रॅम आरजीबी मागतो, त्याला वाययूवायव्ही मिळतं आणि तो ते आरजीबी समजून रंगवतो. ६४० पिक्सेलची एक आरजीबी ओळ १,९२० बाइटची, म्हणजे बरोबर दीड वाययूवायव्ही ओळ. चित्र खिडकीच्या वरच्या दोन तृतीयांशात कोंबलं जातं, ओळी एकमेकींत घुसतात, रंगांचं वाटोळं होतं. असा पडदा दिसला की ड्रायव्हरला शिव्या घालण्यापूर्वी परत आलेला फॉरमॅट छापून पाहावा.

ज्या प्रोग्रॅमांचा सोर्स उघडा होता, त्यांत कर्नलला थेट मारलेल्या हाका बदलून लायब्ररीच्या हाका घातल्या गेल्या. फेडोरा १० या वितरणाने नोव्हेंबर २००८ मध्ये 'वेबकॅम नीट चालवणं' हे जाहीर वैशिष्ट्यच केलं आणि डी गुडे यांनी बरेच प्रोग्रॅम दुरुस्त केले. बंद सोर्सच्या प्रोग्रॅमांचं काय? त्यांच्यासाठी एलडी-प्रीलोडची युक्ती होती. प्रोग्रॅम सुरू करताना त्याच्याआधी एक छोटी लायब्ररी चढवायची. ती ओपन, आयओसीटीएल, रीड, एममॅप या हाका मध्येच अडवते आणि समोर कॅमेरा असेल तर लिबव्ही४एलकडे वळवते. प्रोग्रॅम ड्रायव्हरची मेमरी मागतो, त्याला लायब्ररीची स्वतःची मेमरी दिली जाते आणि तिच्यात उलगडलेली फ्रेम टाकली जाते. प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. त्या काळी स्काइप सुरू करायची ओळ अशीच असायची: आधी प्रीलोड, मग लायब्ररीचा लांबलचक पाथ, मग स्काइप. मशीन ६४ बिटांचं आणि स्काइप ३२ बिटांचा असेल, तर लायब्ररीही ३२ बिटांचीच लागे. चुकीचा पाथ दिला की पुन्हा काळी खिडकी.

ही युक्ती देखणी नाही. पण या प्रकरणात लोकांच्या खिडकीत चित्र आणलं ते तिनेच. कर्नलची मंडळी तत्त्व सांगून थांबली असती, तर लोक वर्षानुवर्षं जुनाच बाहेरचा ड्रायव्हर कंपाइल करत बसले असते आणि तत्त्व कागदावर राहिलं असतं. पहिल्या पिढीचा व्ही४एल इंटरफेस कर्नलमधून पूर्णपणे निघाला तो २०११ च्या मार्चमध्ये, २.६.३८ला. तोवर त्याची बतावणी करण्याचं काम ही लायब्ररीच करू लागली होती.

दोन बारकावे मला विशेष आवडतात. एक, लायब्ररी फॉरमॅटांची यादी देते तेव्हा स्वतः बनवून दिलेल्या फॉरमॅटवर 'इम्युलेटेड' अशी खूण करते. कॅमेरा खरंच काय देतो आणि काय बदलून मिळतंय हे प्रोग्रॅमला दिसतं, आणि मूळ फॉरमॅट घ्यायची वाट उघडी राहते. दुसरा, उलट्या कॅमेऱ्यांचा. काही लॅपटॉपांत सेन्सर उलटा बसवलेला होता आणि माणूस छतावरून लटकल्यासारखा दिसे. सुरुवातीला लायब्ररीतच लॅपटॉपच्या मॉडेलांची यादी ठेवून चित्र फिरवलं गेलं. पुढे ड्रायव्हरला 'सेन्सर आडवा किंवा उभा उलटलेला आहे' हे कळवायला वेगळ्या खुणा मिळाल्या. ड्रायव्हर फक्त सांगतो, फिरवते लायब्ररी.

याच न्यायाने काही दुरुस्त्या मात्र ड्रायव्हरमध्येच शोभतात. यूव्हीसी हे वेबकॅमचं सामाईक मानक आणि त्याचा लोराँ पँशार यांनी लिहिलेला ड्रायव्हर जीएसपीसीएच्या एकच आवृत्ती आधी कर्नलमध्ये आला होता. त्यात काही कॅमेऱ्यांसाठी खास नोंद आहे: हे उपकरण वाययूवायव्ही देतो म्हणतं, पण प्रत्यक्षात नुसतं करडं चित्र देतं. उपकरणाची थाप उघडी पाडणं हे ड्रायव्हरचंच काम. उलट, बऱ्याच यूव्हीसी कॅमेऱ्यांच्या एमजेपीईजीमध्ये हफमन तक्ते (उलगडायला लागणारी कोष्टकं) नसतात, ठरलेले तक्ते गृहीत धरलेले असतात. ते ड्रायव्हर घालत बसत नाही. उलगडणारा प्रोग्रॅम घालतो. लिबव्ही४एलमधला जेपीईजी उलगडणारा कोड मूळचा ल्युक सायार यांचा, पीडब्ल्यूसी पुन्हा उभा करणारे तेच. आणि तो पीडब्ल्यूसी? त्याची फ्रेम आजही कर्नलमध्येच उलगडते; सोबत कच्चा फॉरमॅटही मिळतो. एकदा देऊ केलेलं काढून घेणं कर्नलच्या रीतीत बसत नाही.

इतरत्र

विंडोज १०ने २०१६ च्या अॅनिव्हर्सरी अपडेटमध्ये वेगळी वाट धरली. अनेक प्रोग्रॅमांना एकच कॅमेरा एकाच वेळी वापरता यावा म्हणून मध्ये फ्रेम सर्व्हर ही सेवा आली. प्रत्येकाने वेगवेगळं उलगडण्यापेक्षा एकाच जागी उलगडावं म्हणून एमजेपीईजी आणि एच.२६४ प्रोग्रॅमांना थेट देणं बंद झालं. अनेकांचे कॅमेरे अडकू लागले, आरडाओरडा झाला आणि मायक्रोसॉफ्टला दाबलेले फॉरमॅट परत द्यावे लागले. फ्रेम सर्व्हर काही कर्नलमध्ये नव्हता. मूळ फ्रेमची वाट बंद झाली, हे दुखणं होतं. वाटून घेण्याची गरज मात्र खरी होती, आणि लिबव्ही४एलकडे त्याला उत्तर नव्हतं. तिथे एका वेळी एकच प्रोग्रॅम फ्रेम घेऊ शकतो.

लिनक्समध्ये फ्रेम कुठे उलगडायची हा प्रश्न काही नव्या लॅपटॉपांत पुन्हा उभा राहिला. त्यांतले कॅमेरे यूएसबीवर नसतात आणि नुसता कच्चा बायर देतात. त्यासाठी २०१८ मध्ये लिबकॅमेरा सुरू झाली आणि २०२४ मध्ये तिच्यात सॉफ्टवेअर आयएसपी आला: बायरमधून रंग, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, सगळं कर्नलबाहेर. त्या कामातही डी गुडे होतेच.

हाताशी कॅमेरा असेल तर ही वाटणी स्वतः तपासता येते. व्ही४एल२-सीटीएल या कमांडने फॉरमॅटांची यादी एकदा साधी मागावी आणि एकदा 'रॅपर' पर्याय देऊन, म्हणजे लिबव्ही४एलमार्फत. दुसऱ्या यादीत जे जास्तीचं दिसतं ते लायब्ररीचं. चित्र बिघडलेलं असेल तर आधी कच्ची फ्रेम फाइलमध्ये उतरवावी. ती तुटकी किंवा अपुऱ्या आकाराची असेल, तर केबल किंवा ड्रायव्हर पाहा. ती धड असून रंगच चुकत असतील, तर कर्नलला बोलावायची गरज नाही. लायब्ररी किंवा प्रोग्रॅम उघडा.